विड्याचा जावई आणि मालिकेचा लेखक

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. धुळवड तीन-चार दिवसांवर आली की या गावच्या जावयांची पळापळ सुरू होते. कुणी पाहुण्यांकडं निघून जातो, कुणी शेतातल्या आखाड्यावर दडून बसतो, कुणाचा फोन बंद लागतो. गावकरी त्यांच्या मागावर असतात. एखादा हाती लागला की त्याच्यावर पहारा बसतो आणि धुळवडीला त्याला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांचा हार घालून, रंग उधळत गावभर मिरवतात. मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी संपते. तिथं त्याच जावयाला मानानं कपडे आणि सोन्याची अंगठी मिळते. ही रीत ऐंशी वर्षांहून जुनी आहे. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे दरवर्षी येतात, दोन मिनिटांची बातमी करतात आणि दिवस मावळायच्या आत परततात.

मराठी मालिकांनी सासू या एका नात्याचं गेली पंचवीस वर्षं इतकं गाळप केलंय की आता चिपाडंसुद्धा शिल्लक नाहीत. आणि इथं अख्खं गाव सासरवाडी होऊन जावयाला धुंडत असतं. मी पाहिलेल्या एकाही मालिकेत हा जावई मला भेटलेला नाही.

माझ्या एका विद्यार्थ्यानं मात्र त्याच्यावर एकांकिका लिहिली होती. मी केजला मराठी शिकवतो. युवक महोत्सव जवळ आला की दरवर्षी दोन-तीन पोरं वही घेऊन येतात, त्यातला हा एक. त्याच्या एकांकिकेत जावयाची लग्नातली अंगठी सावकाराकडं अडकलेली असते. नवरा आखाड्यावर लपलाय हे गावकऱ्यांना सांगते ती त्याची बायकोच. गाढवावर बसला की अंगठी मिळणार, असा तिचा साधा हिशेब. नवरा चिडतो तेव्हा ती म्हणते, "एक दिस बसा की गाढवावर. मी वरीसभर गाढवच हाय." तालमीत या वाक्यावर पोरं हसली. प्रयोगात बायका हसल्या नाहीत. पोराला लिहिता येतं, हे मला तेव्हाच कळलं.

तो मुंबईला गेला आणि चौदा महिन्यांनी परत आला. 'जमलं नाही त्याला,' असं गावात म्हणतात. मला ते मान्य नाही. दूरचित्रवाणीच्या धंद्यात लेखक ज्या वाटेनं वर चढतो, त्या वाटेची पहिली पायरीच आपल्याकडे बांधलेली नाही. जिथं पायरी नाही तिथं ज्याला कुणी खालून उचलून धरतं तोच वर जातो. मुंबई-पुण्यात आईबापाचं घर असलेल्याला ते घर उचलून धरतं. केजच्या पोराला कोण धरणार? मराठी पडद्यावर कुणाचं स्वयंपाकघर दिसेल हे वाहिनीच्या बैठकीत ठरतं असं आपण समजतो. खरं तर ते त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. पहिली दोन वर्षं मुंबईत जवळपास बिनपगारी काढायची ऐपत कुणाची आहे, तिथं.

हे नेहमीच असं होतं असं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं तेव्हा 'निर्माता' ही तिथली पगारी नोकरी होती. विजया जोगळेकर-धुमाळे यांनी चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आणले, विनायक चासकरांनी 'गजरा' घडवला. ही माणसं महिन्याच्या पगारावर प्रयोग करत होती. एखादा कार्यक्रम फसला तर घरभाडं थकत नव्हतं. त्या काळाचं फार कौतुक करण्याचंही कारण नाही म्हणा. सरकारी फाइल होती, साहेबाची मर्जी होती, आणि केजला तेव्हा ते केंद्र दिसतसुद्धा नव्हतं. पण माणूस आत शिरला की शिकत शिकत वर जाण्याची सोय होती, एवढं खरं.

मग रोजची मालिका आली. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीवरची 'दामिनी' ही मराठीतली पहिली दैनंदिन मालिका मानतात. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, वर्षभरात ई टीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह. 'चार दिवस सासूचे' अकरा वर्षं चालली आणि तीन हजारांहून जास्त भाग झाले. हा आकडा अभिमानानं सांगितला जातो. मला त्यातली लिहिण्याची मजुरी दिसते. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. अमेरिकेतल्या जुन्या वाहिन्यांवर एका मालिकेचे वर्षाला बावीस-चोवीस भाग होत. त्यांना तेरा-चौदा वर्षं पुरेल इतकं आपला लेखक एका वर्षात लिहून मोकळा होतो.

इतकं काम एका माणसाच्या हातून होणं शक्य नाही, म्हणून आपण लेखकाचे तीन तुकडे केले. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कथावाला पुढच्या काही आठवड्यांचा 'ट्रॅक' सांगतो, वाहिनीची माणसं तो मंजूर करतात, पटकथावाला त्याचे प्रसंग पाडतो आणि संवादवाला त्यांत बोलणं भरतो. बऱ्याचदा पानं सेटवर पोचतात ती त्याच सकाळी. गुरुवारी टीआरपी येतो. आकडा घसरला तर मेलेलं पात्र उठतं, गरोदर बाई पडते, नाहीतर सरळ काही वर्षांची उडी. या तिघांपैकी मालिका कुणाची? तिघांचीही नाही. दिग्दर्शक बदलता येतो, लेखक बदलता येतो, नायिकासुद्धा बदलता येते. न बदलणारी एकच गोष्ट म्हणजे वाहिनी.

'शोरनर' हा शब्द हल्ली आपल्याकडेही ऐकू येतो. ओटीटीवाले तो अंगठीसारखा मिरवतात. मूळ अर्थ साधा आहे: ज्यानं मालिका लिहिली किंवा लेखकांचा ताफा चालवला, तोच तिचा कारभारी. कोण नट घ्यायचा, कुठला प्रसंग कापायचा, पैसा कुठं वाचवायचा, हे सगळं लेखकाच्या हातात. अमेरिकेत हा कारभारी एका रात्रीत होत नाही. नवखा पोरगा लेखकांच्या खोलीत सगळ्यात खालच्या खुर्चीवर बसतो, पण आठवड्याचा पगार घेऊन बसतो. वर्षावर्षानं एकेक पद चढतो. मधल्या पदांनाही 'निर्माता' म्हणतात, तेव्हा आपल्याला बुचकळ्यात पडायला होतं. स्वतःच्या भागाच्या चित्रीकरणाला तो सेटवर जातो आणि तिथं खरा धंदा शिकतो. पाऊस आला तर बाहेरचा प्रसंग घरात कसा आणायचा, हे खोलीत बसून कळत नाही.

ती शिडी तिकडेही मोडत चालली आहे. ओटीटीनं भाग कमी केले, खोल्या लहान केल्या, नवख्यांना सेटवर पाठवणं बंद केलं. २०२३ मध्ये तिथले लेखक १४८ दिवस संपावर गेले. बातम्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा जास्त झाला, पण खोलीत किमान किती लेखक असावेत हीसुद्धा त्या भांडणातली मोठी मागणी होती आणि ती करारात आली. तिकडे असलेली शिडी वाचवायला माणसं रस्त्यावर आली. आपल्याकडे शिडी नाही याची कुणाला खंतही नाही.

आमच्या पोराचं काय झालं ते सांगतो. एका चालू मालिकेच्या संवादलेखकाच्या हाताखाली त्याला काम मिळालं. मालिकेचं नाव मी सांगणार नाही, त्यानंही सांगू नका म्हटलंय. काम असं की रात्री दहाला व्हॉट्सॲपवर प्रसंग यायचे आणि पहाटे पाचपर्यंत संवाद लिहून द्यायचे. नाव येणार नव्हतं, ते आधीच सांगितलं होतं. पैसे 'भाग लागल्यावर' मिळणार होते. मालिकेत एक गावाकडची मोलकरीण होती, म्हणून मुद्दाम बीडचा पोरगा घेतलेला. त्यानं तिच्या तोंडी लिहिलं, "कामून ओ ताई, जेवायलं नाही का?" दुसऱ्या दिवशी ते पडद्यावर आलं, "का वं ताई, जेवना का तुमी?" त्यानं विचारलं, ही बाई कुठली? उत्तर मिळालं, "गावाकडची." कुठल्या गावाकडची, हा प्रश्न तिथं कुणाला पडतच नव्हता. त्या मोलकरणीला गाव नव्हतं, तालुका नव्हता, नदी नव्हती. तिला फक्त 'गावाकडचं' बोलणं होतं, आणि ते बोलणं महाराष्ट्रात कुठंही बोललं जात नाही.

आमच्याकडे ऊसतोडीच्या मजुरीचा हिशेब कोयत्यावर होतो. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि ती फिटेपर्यंत परमुलखात ऊस तोडायचा. तुलना फार ताणू नये. उसाच्या फडात जे सोसावं लागतं ते लिहिणाऱ्याला कुठलं? पण त्या पोराचा बाप कोयत्यावर गेलेला माणूस. लेकाचा व्यवहार ऐकून त्यानं मला विचारलं, "सर, ह्याला उचल कामून नाही?" मला काही सांगता आलं नाही.

पैसे उशिरा का मिळतात याचं कारणही या धंद्याच्या रचनेत आहे. वाहिनी निर्मात्याला पैसे देते ते साधारण नव्वद दिवसांच्या उधारीवर. तशी रूढीच आहे. तीन महिने म्हणजे पंच्याहत्तरच्या वर भाग. तेवढ्या भागांचा खर्च, सेटचं भाडं, नटांचे पैसे, जेवणावळी, निर्मात्यानं आधी खिशातून घालायचे. लेखकानं निर्माता व्हावं असं आपण सहज म्हणतो, पण तीन महिन्यांची रोजची मालिका पदरमोड करून कोण चालवणार? ज्याच्याजवळ साठलेला पैसा किंवा ओळखीचा चेहरा आहे तो. म्हणून नट निर्माते होतात. दिग्दर्शक वाहिनीत जातो. सतीश राजवाडे असेच स्टार प्रवाहच्या कारभारात गेले. लेखक बहुधा लेखकच राहतो आणि चाळिशीनंतर नव्या पोरांपेक्षा महाग म्हणून बाजूला पडतो.

अपवाद म्हणून 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या विनोदी कार्यक्रमाचे सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांच्यासारखी लिहिणं, बसवणं आणि निर्मिती एका हाती ठेवणारी माणसं आहेत. तिथं काय फरक पडतो तेही दिसतं. प्रहसनातला माणूस कुठल्या मातीतला आहे हे त्याच्या पहिल्या वाक्यात कळतं, कारण लिहिणाऱ्याच्या वर बसलेला माणूसही लिहिणाराच आहे.

आता कुणी म्हणेल, बीडचा माणूस पोचलाच नाही असं कुठंय? अरविंद जगताप पोचले की. 'चला हवा येऊ द्या'मध्ये सागर कारंडेंचा पोस्टमन जी पत्रं वाचायचा, ती या बीड जिल्ह्यातल्या माणसानं लिहिलेली. विनोदाच्या कार्यक्रमात लोक रडत होते. पण गंमत बघा, मराठवाड्याचा लेखक पडद्यावर आपल्या आवाजात बोलू शकला तो पत्राच्या रूपात. पत्र एकट्यानं लिहिता येतं, त्याचे तीन तुकडे होत नाहीत आणि त्यावर गुरुवारी कुणी ट्रॅक फिरवत नाही. मला हा योगायोग वाटत नाही.

आणि तेव्हाच्या औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, 'जिगीषा' ही नाट्यसंस्था. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, प्रतीक्षा लोणकर ही मंडळी तिथून मुंबईत आली आणि 'चारचौघी'सारखं नाटक देऊन गेली. 'दामिनी'तली दामिनी म्हणजे प्रतीक्षा लोणकरच. हे लोक आले ते गटानं आले. एकाला काम नसेल तेव्हा दुसऱ्याला असतं, खोली एक, डबा एक, आणि लिहिलेलं पहिल्यांदा वाचून दाखवायला विश्वासाचा कान शेजारच्या गादीवर. धंद्यानं पायरी दिली नाही तेव्हा मैत्रीनं दिली. मैत्रीवर नाट्यसंस्था चालते. चोवीस तास चालणाऱ्या वाहिन्यांचा धंदा मैत्रीच्या भरवशावर सोडणं बरं नव्हे.

माझी आई या सगळ्या वादावर पाणी ओतते. तिला बंगल्यातल्याच मालिका आवडतात. "आपलं काय बघायचं त्याच्यात? ते तर दारातच हाय." हा आक्षेप वाहिन्यांच्या कुठल्याही अहवालापेक्षा वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. माणसं पडद्यावर स्वतःला बघायला बसतात असं नाही. बऱ्याचदा स्वतःला विसरायला बसतात. पण याच आईनं 'लागिरं झालं जी' एक दिवस चुकवली नाही. आणि वर म्हणायची, "बोलतात ग्वाड, पर आपल्यातले न्हाईत." ते तिला बरोबर कळलं होतं. टीआरपी मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेनं २०१५ मध्ये ग्रामीण घरंही मोजायला घेतली आणि त्यानंतर दोन वर्षांत कोल्हापूरची 'तुझ्यात जीव रंगला' आणि साताऱ्याची 'लागिरं' आली. खेड्यातला बघणारा मोजला गेला, तेव्हा खेडं पडद्यावर आलं. पण आलं ते पश्चिम महाराष्ट्राचं, कारण 'लागिरं' लिहिणारा तेजपाल वाघ साताऱ्याकडचा होता आणि पुढे तो निर्माताही झाला. एक लेखक वर चढला तर त्याच्यामागून अख्खा जिल्हा चढतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मराठवाड्यातले बघणारे मोजले जातात, लिहिणारे नाहीत.

केज मालिकेत आलं नाही, पण बातम्यांत आलं. डिसेंबर २०२४ मध्ये तालुक्यातल्या मस्साजोग गावच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर कित्येक महिने तालुक्याचं नाव रोज पडद्यावर होतं. वाहिन्यांच्या गाड्या बीड-अंबाजोगाई रस्त्यावर उभ्या असायच्या. ते दाखवायलाच हवं होतं, यात वाद नाही. पण बाहेरगावी कुणी 'कुठले तुम्ही?' विचारलं की 'केज' म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो, हे आता आमच्या पोरांच्या वाट्याला आलंय. एखाद्या प्रदेशाची फक्त बातमीच होत राहिली आणि गोष्ट कधी झालीच नाही, तर तिथली माणसं बाकीच्यांना आरोपी किंवा फिर्यादी एवढ्याच दोन वेशांत दिसतात.

यूट्यूबचं नाव निघणार हे माहीत आहे. बारामतीजवळच्या कांबळेश्वरच्या मंडळींनी 'चांडाळ चौकडीच्या करामती' कुठल्याही वाहिनीला न विचारता लोकप्रिय केली. त्यांना सलाम. पण तिथं लेखकानं कॅमेराही धरायचा, संकलनही करायचं, दुकानांच्या जाहिरातीही गोळा करायच्या. ते दुकान झालं, आणि दुकान चालवणं वाईट नाही. लिहिणं मात्र तिथं मालकाच्या उरलेल्या वेळात होतं.

सरकारनं आणि वाहिनीनं मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे आपल्या देशानं करून पाहिलेलं आहे. १९७५ पासून गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, पीज इथल्या एका छोट्या ट्रान्समीटरवरून, अहमदाबादच्या अंतराळ केंद्राच्या लोकांनी गावातल्या माणसांसाठी त्यांच्याच चरोतरी बोलीत मालिका केल्या. लिहायला तिथलेच लोक घेतले, त्यांना शिकवलं. १९८४ मध्ये युनेस्कोनं ग्रामीण संवादासाठी या प्रयोगाला पुरस्कार दिला. पुढे तो बंद झाला, पण खेड्यातल्या माणसाला मालिका लिहायला शिकवता येते का, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला.

म्हणून 'ग्रामीण प्रतिभेचा शोध' छापाच्या स्पर्धांचा मला आता कंटाळा आलाय. चषक देतात, सेल्फी काढतात, घरी पाठवतात. प्रतिभा सापडलेलीच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात आणि दरवर्षीच्या युवक महोत्सवात ती ढिगानं असते. हवी आहे ती पगारी उमेदवारी. प्रत्येक दैनंदिन मालिकेत दोन नवखे लेखक, महिन्याच्या महिन्याला पैसे, पडद्यावर नाव आणि सेटवर हजर राहायचा हक्क. यातल्या एकाचा महिन्याचा पगार नायिकेच्या एका लग्नसोहळ्यातल्या फुलांइतकाही नसेल. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि लेखकाचा रॉयल्टीतला हक्क करारानंसुद्धा काढून घेता येणार नाही असं ठरलं; जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत झगडले. पण रॉयल्टी मागायला आधी लेखक म्हणून नाव लागतं. ज्याचं नावच आलं नाही, त्याला कायदा कुठं शोधणार?

वाहिन्यांच्या माणसांपैकी कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगतो: विड्याच्या त्या जावयाची गोष्ट लिहून तयार आहे. चाळीस पानं आहेत, बायकोच्या बाजूनं लिहिलेली आहेत आणि पटकथालेखकांच्या संघटनेकडं नोंदवलेली आहेत. लिहिणारा सध्या केजच्या तहसील कार्यालयासमोर झेरॉक्सच्या दुकानात बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. एका अर्जाचे पन्नास रुपये मिळतात, आणि ते हातोहात मिळतात.